त्रिक्रीडेचा सराव आणि त्याची मापनयंत्रे

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार सलग पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. ‘तीन’ आणि ‘स्पर्धा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवलेले आहे. मराठीत तिला त्रिक्रीडा शर्यत म्हणता येईल. अंतरांनुसार तिचे मुख्य वर्ग चार. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक प्रकारात ही तिन्ही अंतरे दुप्पट होतात. लोहपुरुष, म्हणजेच आयर्नमॅन शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची असते. अर्ध-लोहपुरुष तिच्या निम्म्याने. याच निम्म्या अंतराची भारतातील पहिली आयर्नमॅन ७०.३ शर्यत ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजी येथे झाली.

आधुनिक त्रिक्रीडेचा उगम अमेरिकेतला. २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन दिएगोच्या मिशन बे येथे झालेल्या पहिल्या शर्यतीत ४६ स्पर्धक उतरले होते आणि त्या वेळी पोहणे सर्वांत शेवटी होते. दमलेला माणूस पाण्यात उतरणे धोक्याचे असल्याने पुढे पोहणे पहिले आले. याच शर्यतीत नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी सहभागी झाले होते. काही वर्षांनी हवाईत असताना, धावणारे अधिक दमदार की पोहणारे, असा वाद मित्रमंडळीत रंगला. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू ग्रहण करण्याची क्षमता खेळाडूंमध्ये सर्वाधिक नोंदली गेली आहे, असे कॉलिन्स यांनी कोठेतरी वाचले होते. मग तिन्ही प्रकार एकत्र करूनच निकाल लावावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ जण निघाले आणि १२ जण पोहोचले. लोहपुरुष शर्यतीच्या जन्मकथेतच शरीरशास्त्रीय मापनाचा एक आकडा आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या खेळाचा सराव तिहेरी असल्यामुळे थकव्याचा हिशेब अवघड होतो. प्रत्येक सरावानंतर शरीराची क्षमता प्रथम घटते. स्नायूंतील साखरेचा साठा संपतो, तंतूंना सूक्ष्म इजा होतात. पुरेसे अन्न आणि झोप मिळाल्यावर ही हानी भरून निघते आणि क्षमता पूर्वीच्या पातळीच्या किंचित वर जाते. भरपाई होण्याआधीच पुढचा मोठा भार टाकला तर घसरण साचत जाते. एकट्या धावपटूला पायांचा थकवा पुरेसा इशारा देतो. त्रिक्रीडापटूचे पाय दुखत असले तरी खांदे ताजे असतात, म्हणून तो पोहायला जातो. हृदय आणि चेतासंस्था मात्र दोन्हीकडे तीच असतात. सायकलीवरून उतरताच धावण्याच्या जोडसरावात, ज्याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात, पहिले एक-दोन किलोमीटर पाय परक्याचे असल्यासारखे जड पडतात. श्रम किती होत आहेत याचा मनाने केलेला अंदाज अशा वेळी हमखास चुकतो. यंत्राची गरज इथे लागते.

हृद्गतिमापकाचे श्रेय फिनलंडला जाते. औलू येथील प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ मध्ये अंगावर बाळगण्याजोगा बिनतारी हृद्गतिमापक बाजारात आणला. छातीवरचा पट्टा हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर त्वचेपर्यंत येणारा सूक्ष्म विद्युत्संकेत टिपतो. कोरड्या त्वचेवर हा संकेत नीट पकडला जात नाही. म्हणून पट्टा बांधण्याआधी त्याच्या आतील दोन काळ्या पट्ट्या पाण्याने ओल्या करतात. तेवढे केले नाही तर घाम येईपर्यंतच्या पहिल्या दहा मिनिटांत आकडा वेडावाकडा उडत राहतो.

या यंत्राचा सर्वांत बोधप्रद उपयोग मार्क ॲलन या अमेरिकन खेळाडूने केला. जोराने सराव करण्याची सवय आणि वारंवार होणाऱ्या दुखापती यांनी तो त्रस्त होता. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांनी त्याला मिनिटाला १५५ ठोक्यांची मर्यादा घालून दिली. ती पाळताना त्याचा वेग मैलाला सव्वाआठ मिनिटे इतका खाली आला. त्याच्या दर्जाच्या धावपटूला ही लाज वाटावी अशीच गती होती. तरीही त्याने मर्यादा ओलांडली नाही. महिने गेले तसा त्याच १५५ ठोक्यांत वेग वाढत गेला आणि अखेरीस मैलाला ५ मिनिटे २० सेकंदांपर्यंत पोहोचला. १९८९ मध्ये हवाईतील लोहपुरुष शर्यतीत प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटबरोबर जवळजवळ आठ तास खांद्याला खांदा लावून झुंज दिल्यावर तो ५८ सेकंदांनी जिंकला, आणि पुढे त्याने हे विजेतेपद एकूण सहा वेळा मिळवले. यंत्राने त्याला वेगवान केले असे म्हणता येणार नाही. त्याला थांबायला शिकवले, हे मात्र निश्चित.

सायकलीसाठी शक्तिमापक असतो. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास तो विकसित केला. पेडलच्या दांड्याजवळ बसवलेल्या ताणमापक पट्ट्या धातूची सूक्ष्म वाकण मोजतात आणि तिच्यावरून वॅटमध्ये शक्ती काढली जाते. चढ असो वा समोरचा वारा, खेळाडू किती जोर लावतो आहे हे त्यात थेट दिसते.

मनगटी घड्याळाचे तंत्र वेगळे आहे. त्याच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला तर धावताना घड्याळ हलते आणि हातांच्या लयीलाच नाडी समजून बसते. मिनिटाला १७० पावले पडत असताना हृद्गतीही पहिल्या मिनिटापासून १७० दिसत असेल, तर घड्याळ पावले मोजत आहे असे समजावे.

पाण्यात अडचणी वाढतात. आजची साधने वापरतात त्या उच्च वारंवारितेच्या लहरी पाण्यात जेमतेम काही सेंटीमीटर जातात. उपग्रहाचा संकेतही हात पाण्याखाली गेला की तुटतो. म्हणून समुद्रातील सरावाची रेषा नकाशावर नागमोडी उमटते. तलावात घड्याळ वळणे मोजते आणि तलावाची लांबी त्याला आपण सांगावी लागते. गृहसंकुलातील तलाव २२ मीटरचा आणि घड्याळात नोंद २५ मीटरची असेल, तर साठ फेऱ्यांचे १५०० मीटर दिसतात. प्रत्यक्षात पोहणे १३२० मीटरच झालेले असते.

मोजलेला आकडा आणि अनुमानित आकडा यांतील भेद नवशिक्याने सुरुवातीलाच समजून घ्यावा. हृदयाचे ठोके आणि वॅट हे मापन आहे. प्राणवायू-ग्रहणक्षमता, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा बसवून श्वास तपासल्यावर मोजली जाते. घड्याळ ती वेग आणि हृद्गती यांच्या संबंधावरून केवळ अंदाजाने सांगते. एप्रिलच्या दमट हवेत मुंबईत किंवा पणजीत धावताना शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदय अधिक धडधडते. घड्याळ लगेच क्षमता घटल्याचे सांगू शकते, आणि अशा वेळी घाबरून सराव वाढवणारे अनेक जण दिसतात. २२० मधून वय वजा करून कमाल हृद्गती काढण्याचे सूत्रही सरासरीचे आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला ते १८० सांगते. त्याची खरी कमाल १६८ किंवा १९२ असू शकते.

सरावाचा एकत्रित आलेख मांडण्याची कल्पना कॅनडातील एरिक बॅनिस्टर यांच्या १९७० च्या दशकातील कामातून आली. प्रत्येक सराव तंदुरुस्ती आणि थकवा असे दोन परिणाम मागे ठेवतो, आणि थकवा लवकर ओसरतो, हे तिचे सूत्र. आजच्या प्रचलित पद्धतीत तंदुरुस्तीसाठी ४२ दिवसांची आणि थकव्यासाठी ७ दिवसांची भारित सरासरी घेतात. या दोन रेषांमधील अंतर म्हणजे ताजेपणा. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे भार उतरवण्याचे असतात, त्याला ‘टेपर’ म्हणतात. महिनोन्‌महिने कष्टाने चढवलेली तंदुरुस्तीची रेषा त्या काळात पडद्यावर रोज थोडी खाली येते, थकव्याची रेषा तिच्यापेक्षा वेगाने कोसळते आणि ताजेपणा शून्याच्या वर येतो. त्या पंधरवड्यात पहाटे पाचचा गजर बंद करून पुन्हा झोपणे हाच त्या दिवशीचा ठरलेला सराव असतो.