आधी कोण? दवाखान्यातला नंबर आणि वशिला



गटांच्या बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. "ताई, आम्ही आधी आलो होतो. आमच्या मागून आलेल्याला आत घेतलं आणि आम्ही बाकड्यावरच बसलो." कुणी म्हणतं, त्यांची ओळख होती. कुणी म्हणतं, पैसे दिले असतील. कुणी म्हणतं, गरिबाला कोण विचारतंय.

यातल्या काही तक्रारी अगदी खऱ्या असतात. पण काही वेळा मागून आलेल्याला आधी घेणं हाच खरा न्याय असतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. नाहीतर जिथे भांडायला नको तिथे आपण भांडतो, आणि जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसतो. म्हणून आज दवाखान्याच्या तातडीच्या विभागाबद्दल, म्हणजे ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो त्याबद्दल बोलू या.

आधी आपल्या गटाचंच उदाहरण घेऊ. समजा, गटात वीस हजार रुपये जमले आहेत आणि कर्जाचे तीन अर्ज आलेत. पहिला अर्ज शिलाई मशीनसाठी, दुसरा शेळीसाठी. तिसरा सगळ्यात शेवटी आला, पण त्या सखीच्या मुलाचं उद्या ऑपरेशन आहे. आपण कुणाला आधी देतो? शेवटच्या सखीला. पहिल्या दोघी कुरकुरत नाहीत, कारण कारण सगळ्यांसमोर सांगितलेलं असतं आणि इतिवृत्तात लिहिलेलं असतं. आता समजा, तिसरा अर्ज अध्यक्षांच्या जावेचा आहे, कारण काहीच नाही आणि पैसे तिलाच मिळाले. मग गट फुटायला वेळ लागत नाही. दोन्ही वेळा नंबर मोडलाच. पण पहिल्या वेळचं कारण चारचौघांत मोठ्याने सांगता येतं, दुसऱ्या वेळचं सांगता येत नाही. न्याय आणि वशिला यांच्यातला फरक एवढाच आहे, आणि दवाखान्यातही हीच फूटपट्टी लावायची.

बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे सकाळच्या ओपीडीत, केसपेपरच्या नंबराने बोलावतात. कॅज्युअल्टीत नंबर घड्याळावर ठरत नाही, धोक्यावर ठरतो. कुणाचा जीव आत्ता जाऊ शकतो, कुणाला थोडा वेळ थांबता येईल, कुणाला जास्त वेळ थांबता येईल, हे आधी पाहतात. या निवडीला 'ट्रायेज' म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी रंग ठरवलेले असतात. लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबलं तरी चालेल.

ही पद्धत लढाईच्या मैदानातून आली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या नेपोलियनच्या सैन्यात डोमिनिक लारे नावाचे शल्यचिकित्सक होते. ज्याची जखम सगळ्यात गंभीर त्याच्यावर उपचार आधी, मग तो साधा शिपाई असो की अधिकारी, असा त्यांचा नियम होता. म्हणजे ही पद्धत मुळात हुद्दा आणि ओळख बाजूला ठेवण्यासाठीच आली.

आता तुम्हीच डॉक्टर आहात असं समजा. पहाटेची वेळ आहे. ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर आणि एक सिस्टर.

चार वाजता एक तरुण आला. दोन दिवस ताप आणि खोकला, पण स्वतः चालत आला. सव्वाचारला मोटारसायकलवरून पडलेला एक जण आला. हात मोडलाय, जोरात ओरडतोय, सोबत दहा माणसं. साडेचारला आठवा महिना चालू असलेली एक बाई आली. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पण ती खुर्चीत गप्प बसलीय. पावणेपाचला एक मजूर बाई आली. जमिनीवर झोपली होती, पोटात दुखायला लागलं म्हणून उठली. पापण्या जड झाल्यात, बोलणं जड झालंय. साप कुणीच पाहिला नाही, दंशाची खूणही दिसत नाही.

कोण आधी? सगळ्यात शेवटी आलेली मजूर बाई. तिला मण्यार चावलेला असू शकतो. मण्यार बहुतेक रात्री, झोपेत चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पण त्याच्या विषाने आधी पापण्या मिटायला लागतात आणि पुढे श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. तिच्याजवळ वेळ सगळ्यात कमी आहे. तिच्याबरोबरच गरोदर बाईकडेही लगेच बघायला हवं. तिचं बीपी वाढलेलं असेल तर झटके येऊ शकतात, मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. त्यानंतर मोडलेला हात. त्याला वेदना खूप आहेत, पण रक्त वाहत नसेल आणि बोटं गरम असतील, हलत असतील, तर तो थोडा थांबू शकतो. तापाचा तरुण शेवटी. मात्र त्याला धाप लागली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला, तर त्याचा नंबर वर जाणार.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सगळ्यात जास्त आवाज मोडलेल्या हाताचा होता आणि सगळ्यात जास्त धोका गप्प बसलेल्या दोन बायांना होता.

मैत्रिणींनो, आपलं घोडं इथेच अडतं. दुखणं अंगावर काढायची आपल्याला लहानपणापासून सवय. दवाखान्यात विचारलं तरी आपण म्हणतो, "कसंतरी होतंय," "पित्त झालं असेल," "काही नाही, जरा अशक्तपणा आहे." पुष्कळदा बाई स्वतः बोलतच नाही, सोबतचा माणूस बोलतो आणि त्याला नीट माहीत नसतं. बाईला हृदयविकाराचा झटका आला तर छातीत कळ यायलाच हवी असं नाही. कधी नुसती धाप लागते, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा, पाठ किंवा हात दुखतो. तिनेच "पित्त" म्हटलं तर समोरचा घाईतला माणूसही पित्तच धरून चालण्याची शक्यता असते. म्हणून आजाराला नाव आपण द्यायचं नाही. त्रास सांगायचा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिल्या मिनिटात पाच गोष्टी सांगा. एक, काय झालं. दोन, किती वाजता झालं. तीन, आत्ता काय होतंय. चार, आधीचा आजार आणि चालू औषधं. पाच, बाई गरोदर आहे का, असेल तर कितवा महिना, किंवा नुकतीच बाळंत झाली आहे का. वेळ तर नक्की सांगा. अर्धांगवायूत, म्हणजे अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तेही सीटी स्कॅन करून. फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर गेलं असेल तर त्याची बाटली किंवा डबा सोबत न्या.

काही लक्षणं दिसली तर बाकड्यावर बसूच नका, सरळ सिस्टरला सांगा. श्वास घेता न येणं, छातीवर दाब, बेशुद्धी, झटके, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश, विषबाधा, गरोदरपणी डोकेदुखीसोबत अंधारी, आणि तान्ह्या बाळाने दूध सोडणं किंवा श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जाणं. हे सांगणं म्हणजे घुसखोरी नाही. डॉक्टरांना नीट निवड करता यावी म्हणून ही माहिती लागतेच.

आता वशिल्याकडे वळू. तो आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पुढाऱ्याचा फोन येतो. वॉर्डबॉय गावातला निघतो. चहापाण्याला पैसे दिले जातात. चांगले कपडे घातलेल्याला खुर्ची मिळते आणि पाड्यावरून आलेल्या बाईला, तिची बोली कळत नाही म्हणून, "थांब जरा" ऐकावं लागतं. यात नुकसान कुणाचं होतं? ज्याच्या हातात फोन नाही त्याचं. डॉक्टर एकच असेल तर वशिल्याच्या साध्या तापाला दिलेली दहा मिनिटं कुणाच्या तरी श्वासातून कापलेली असतात.

आपला माणूस आजारी पडला की वशिला आपल्यालाही गोड लागतो. "ताई, साहेबांना फोन लावा ना," असं मला कितीतरी जणी म्हणतात. फोन करूच नये असं मी म्हणत नाही. पण फोनवर आजार सांगितला तर ती माहिती असते आणि फोनवर नाव सांगितलं तर तो वशिला असतो. "सर्पदंशाचा पेशंट घेऊन निघालोय, पापण्या मिटतायत, लस तयार ठेवा," हा फोन जरूर करा. "आमचा माणूस आहे, बघून घ्या," हा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला मागे ढकलतो.

मागून आलेल्याला आत नेलं आणि आपल्याला शंका आली, तर "त्यांना का घेतलं?" असं विचारून वाद वाढवू नका. दुसऱ्याच्या आजाराची माहिती मागायचा आपल्याला हक्कही नाही. आपल्या पेशंटबद्दल तीन प्रश्न विचारा. आमच्या पेशंटचं बीपी, नाडी, श्वास कुणी पाहिलं का? याला थांबवणं धोक्याचं तर नाही ना? पुन्हा कधी बघाल? ज्याने खरोखर निवड केलीय तो याची उत्तरं देतो. उत्तर देताच येत नसेल तर पेशंटला कुणी पाहिलेलंच नाही, आणि मग आग्रह धरायचा. थांबलेलं असताना त्रास वाढला तरी लगेच जाऊन सांगा. एकदा ठरलेला रंग बदलू शकतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. एका अपघातात जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही. पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असं सांगितलं. तो वाटेतच गेला. या प्रकरणावरून पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद नंतर. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका खेतमजुराच्या प्रकरणात निकाल आला. तो रेल्वेतून पडला होता, डोक्याला मार होता, पण एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. तातडीचे उपचार न मिळणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, असं ठणकावून सांगितलं. खासगी दवाखान्यात "आधी डिपॉझिट" म्हटलं तर हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे उपचार फुकट मिळतील असा याचा अर्थ नाही. पण तातडीची मदत करून पेशंटची प्रकृती सावरणं हे त्यांचं काम आहे. आणि १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

अन्याय झालाच, तर आधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोला. मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक. तक्रार लेखी द्या. तारीख, वेळ, पेशंट किती वाजता आला, किती वाजता पाहिला, कोण काय म्हणालं, एवढं लिहा आणि पोच घ्या. शिवीगाळ किंवा हात उचलणं मात्र कधीच नको. २०१० च्या राज्याच्या कायद्याने दवाखान्यातली मारहाण हा अजामीनपात्र गुन्हा आहे. शिवाय रात्रीच्या एकुलत्या एका डॉक्टरला मारलं तर बाकड्यावरच्या बाकीच्यांना कोण बघणार?

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं काढा. पहाटेच्या त्या चार पेशंटची गोष्ट सांगा आणि आधी कोण ते सगळ्यांना ठरवू द्या. मग प्रत्येकीने एका कागदावर घरातल्या माणसांचे आजार, चालू औषधं आणि कुणी गरोदर असेल तर महिना लिहून तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचा. गटातल्या दोघी अशा ठरवा, की कुणावर वेळ आली तर त्यातली एक सोबत जाईल आणि न घाबरता त्या पाच गोष्टी सांगेल. एकटी बाई दवाखान्यात गप्प बसते. सोबत आपली सखी असली की तिच्या तोंडून शब्द फुटतो.