पेरणी यंत्राची नळी उन्हात मरते

हरभरा पेरून आठ-दहा दिवस झाले की बांधीत तासं दिसायला लागतात. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर हिरव्या ओळी सरळ गेलेल्या असतात आणि मधेच एक ओळ नसते. या टोकापासून त्या टोकापर्यंत नसते, आणि ट्रॅक्टर वळून आला त्या फेरीतही नसते. बियाणं खराब असतं तर उगवण सगळीकडेच विरळ झाली असती. पाखरांनी खाल्लं असतं तर जागोजाग ठिगळं पडली असती. प्रत्येक फेरीत एकच ओळ नेमाने गायब असेल तर दोष यंत्राचा, आणि यंत्रातही बहुतेक वेळा नळीचा.

नऊ दात्यांच्या यंत्राची एक नळी बंद राहिली तर एकरातल्या चाळीस गुंठ्यांपैकी जवळजवळ साडेचार गुंठे बियाण्यावाचून जातात. मशागतीचे, खताचे आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचे पैसे मात्र पूर्ण चाळीस गुंठ्यांचे दिलेले असतात. सगळ्या यंत्रात सर्वांत स्वस्त भाग कोणता म्हणाल तर ही प्लॅस्टिकची नळी. म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळा पऱ्हे, चिखलणी आणि रोवणीत जातो. आवत्या टाकणारे शेतकरी आहेत, ड्रम सीडरने मोड आलेलं धान पेरणारेही आहेत, पण ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचा खरा हंगाम धान कापून झाल्यावर सुरू होतो. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान त्यानंतर. मग हरभरा, गहू, जवस. ओल जमिनीत असेपर्यंत बी पडायला हवं आणि ही ओल फार दिवस थांबत नाही. पवनी, लाखांदूरकडच्या काळ्या कन्हार जमिनीत थोडी सवड मिळते, मोरांडीत कमी, हलक्या जमिनीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोन-चार आठवड्यांत सगळी यंत्रं एकदम धावतात आणि बाकीचं वर्षभर सांदवाडीत, झाडाखाली किंवा उघड्यावर उभी राहतात.

यंत्राच्या नळीचं दुखणं याच उभं राहण्यात आहे. हरभऱ्याचा दाणा नळीतून घरंगळत खाली येतो, त्याच्यामागे वाऱ्याचा जोर नसतो. त्या घर्षणाने नळी झिजायला कित्येक हंगाम लागतील. पण एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना उघड्यावर टांगलेली नळी दोन उन्हाळ्यांत काचेसारखी कडक होते. पारदर्शक, लवचीक नळी असते ती पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक आहे. ते वाकावं म्हणून त्यात मऊपणा देणारी रसायनं मिसळलेली असतात. उष्णतेने ती हळूहळू बाहेर पडतात, उन्हातली अतिनील किरणं उरलेल्या प्लॅस्टिकची रचना तोडतात. नळी आधी पिवळी पडते, मग ताठ होते, मग पेटीखालच्या तोंडाशी उभी चीर जाते. काळी नळी जास्त टिकते याचं कारण तिच्यात मिसळलेला कार्बनचा काजळीसारखा चुरा. तो किरणं अडवतो. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी. पण काळ्या नळीतून दाणा पडताना दिसत नाही, आणि पेरणीत दिसणं महत्त्वाचं. म्हणून मला पारदर्शक नळी आणि सावली, ही जोडी अधिक पटते.

पूर्वीच्या तिफणीला हा प्रश्न नव्हता. नळे बांबूचे, वर लाकडी चाडं, आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई. दाणे तिच्या बोटांमधून सुटायचे. नळा तुंबला की चाड्यात बी साचायचं आणि तिच्या हाताला ते लगेच कळायचं. ‘थांबवा’ म्हटलं की बैल थांबत. हे देशी पेरणीचं अवजार किती नेमकं आहे ते अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात पाहून मायदेशी कळवलं होतं. धरमपाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ती पत्रं आहेत. ट्रॅक्टर आला तसं काम झपाट्याने व्हायला लागलं, पण ती मूठ गेली. चालक पुढे पाहतो, यंत्र मागे असतं. बी पडतंय की नाही हे सांगणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे नळी. ती पिवळी पडून धूसर झाली की तेही गेलं.

परदेशात मोठ्या शेतांवर वाऱ्याच्या जोराने बी वाहून नेणारी यंत्रं आहेत. १९५६ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या अल्बर्ट फस यांनी असं यंत्र बनवलं आणि पुढे कॅनडा, अमेरिकेपर्यंत त्या जातीची अजस्र यंत्रं पसरली. तिथे एका टाकीतून पंख्याच्या हवेवर बी आणि खत डझनावारी लांब नळ्यांमधून फाळापर्यंत जातं. तिथली नळी आतून झिजते. खताचे खडे वेगाने येऊन वळणाच्या बाहेरच्या बाजूला आपटतात आणि तिथेच भोक पडतं. म्हणून तिकडचे शेतकरी वळणं मोठी ठेवतात, पंखा गरजेपुरताच फिरवतात आणि नळी अधूनमधून अर्धा फेरा फिरवून बसवतात, म्हणजे झीज नव्या बाजूवर जाते. आपल्याकडे दाणा स्वतःच्या वजनाने पडतो, त्यामुळे आतल्या झिजेचं भय कमी. वळणाचा नियम मात्र इथेही तोच, कारण वळणाशी दाणा अडतो.

नळीची लांबी हा त्यातला नाजूक भाग. आखूड नळी यंत्र उचलताना ताणली जाते आणि पेटीखालच्या तोंडातून निसटते. लांब नळीला मधे झोळ पडतो. त्या झोळात दाणे थबकतात आणि ट्रॅक्टरला धक्का बसला की मूठभर एकदम खाली येतात. मग ओळीत कुठे झुपका, कुठे मोकळं. यंत्र पूर्ण उचलून आणि पूर्ण टेकवून, दोन्ही वेळा नळी ताणली जात नाही आणि कुठे लोंबतही नाही, इतकीच लांबी ठेवावी. कडेच्या दात्यांच्या नळ्या तिरप्या असल्याने थोड्या लांब लागतात. सगळ्या नळ्या एकाच मापाने कापणारा दुकानदार इथे चुकतो.

बसवतानाही नळीला बऱ्याच जखमा होतात. तोंड घट्ट बसत नाही म्हणून लायटरने तापवलं जातं. तेवढा भाग पातळ होतो आणि पुढच्या हंगामात तिथूनच फाटतो. गरम पाण्यात टोक मिनिटभर बुडवलं तर ते मऊ होतं आणि सहज सरकतं. वरून बायंडिंगची तार पिळण्याऐवजी रुंद पट्टीची क्लिप लावावी, तार प्लॅस्टिकमध्ये रुतून कापत जाते. नळी जिथे लोखंडी चौकटीला घासते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की झालं. टोकाशी चीर गेली असेल आणि लांबी पुरत असेल तर इंचभर कापून पुन्हा बसवता येते. पुरत नसेल तर नवी घ्यावी. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली तर पेरणीच्या ऐन दिवशी ती सुटतेच.

आता खताकडे. यंत्राला प्रत्येक दात्यामागे दोन नळ्या, एक बियाण्याची, एक खताची. म्हणजे नऊ दात्यांना अठरा. खताची नळी आधी जाते, कारण खत हवेतलं पाणी ओढून घेतं. पहाटे दव असतं, दाणेदार खत ओलसर होतं, त्याची भुकटी नळीच्या भिंतीला धरते. त्यावर दुसऱ्या दिवशी आणखी थर. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून पेटीत टाकलं तर मिश्रण स्वतःच पाणी सोडतं आणि लगदा होतो. तो नळीत अडकला की चालक खालून तार किंवा काडी खुपसतो, आणि तारेचा ओरखडा पुढे चिरेची सुरुवात ठरतो. संध्याकाळी पेटी रिकामी करणं हाच त्यावरचा साधा इलाज. रात्रभर खत पेटीत ठेवलं तर नळीबरोबर पेटीचा पत्राही सडतो.

बियाण्याच्या नळीत खत नसतं, पण गूळ असतो. हरभऱ्याला रायझोबियम चोळताना गुळाचं पाणी वापरतात, ते योग्यच आहे. पण घाईत बियाणं सावलीत पूर्ण सुकवलं जात नाही. चिकट दाणे नळीला धरतात, त्यांना धूळ धरते आणि इंचभर रुंदीची वाट निम्मी होते. जॅकी ९२१८ सारख्या टपोऱ्या वाणाला तर निम्मी वाट म्हणजे बंद वाट. तळहातावर घेतलेला दाणा हाताला चिकटत असेल तर तो पेटीत टाकायच्या लायकीचा झालेला नाही.

नळीचं खालचं तोंडही असंच तुंबतं, पण त्याला कारण वेगळं. ट्रॅक्टर उभा असताना यंत्र दाणकन जमिनीवर सोडलं की ओली माती दात्यामागच्या तोंडात शिरते. दाते जमिनीत असताना मागे घेतला तर हमखास शिरते. धान निघालेल्या बांधीची माती चिवट असते, आत गेली की सुकून बुच होते. यंत्र खाली सोडायचं ते ट्रॅक्टर पुढे सरकत असतानाच, आणि मागे घ्यायच्या आधी उचलायचं. आपल्या बांध्या लहान, वळणं जास्त, त्यामुळे हा नियम दिवसातून शेकडो वेळा पाळावा लागतो आणि दमलेल्या चालकाकडून तिथेच तो मोडतो.

हंगाम संपला की यंत्र धुऊन उभं करतात, पण नळ्या तशाच ठेवतात. आतमध्ये पाच-दहा दाणे उरलेले असतात. ढोलीतलं धान सोडून उंदीर इथे कशाला येईल, असं वाटतं, पण तो येतो. दाण्यासाठी नळी कुरतडतो, आणि दाणा नसला तरी मऊ प्लॅस्टिकवर दात चालवतो. म्हणून नळ्या काढाव्यात. साबणाच्या कोमट पाण्याने आतून धुवाव्यात, सावलीत सुकवाव्यात आणि कोठ्यात उंच तारेवर सरळ टांगून ठेवाव्यात. नळी रबरी असेल तर दुमडून ठेवल्यावर ती घडीवर तडकते, कारण ताणलेल्या रबरावर हवेतला ओझोन लवकर काम करतो. नळ्यांना चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवणारे पुष्कळ आहेत. डिझेलने रबर फुगतं आणि पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो. डिझेल लोखंडाला ठीक, नळीला नको. काढणं शक्यच नसेल तर निदान यंत्रावर जुनी पोती किंवा ताडपत्री घालावी. अठरा नळ्या काढून पुन्हा बसवणं हे एका सकाळचं काम आहे. कोणती कुठली हे कळावं म्हणून काढण्याआधी मार्करने आकडे टाकले की बसवताना गोंधळ होत नाही.

यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, अवजार बँका निघाल्या आहेत, भाड्याने पेरून देणारे गावोगाव आहेत. ही चांगलीच गोष्ट. पण भाड्याच्या यंत्राची नळी कोणाची, हा प्रश्न गावात नेहमी अधांतरी राहतो. मालक म्हणतो चालकाने पाहावं, चालक म्हणतो मालकाने बदलून द्यावी, आणि रिकामं तास राहतं शेतकऱ्याच्या बांधीत. माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं बियाणं त्याने नळी पाहिल्याशिवाय यंत्र बांधीत उतरू देऊ नये.

पाहायला फार वेळ लागत नाही. यंत्र उचलून धरायचं, प्रत्येक बियाण्याच्या नळीच्या तोंडाला पिशवी बांधायची, पेटीत थोडं बी टाकायचं आणि भुईचाक हाताने वीस वेळा फिरवायचं. मग नऊ पिशव्या एकेक करून तोलायच्या. एखादीत बाकीच्यांपेक्षा दहावा हिस्सा कमी भरला तर आधी वरचं तोंड पाहायचं, मग वळण, मग खालचं तोंड. तिन्ही साफ असतील तर दोष नळीत नाही, पेटीतल्या खाचांच्या रोलरमध्ये आहे. पेरणी सुरू झाल्यावर पहिल्या फेरीत यंत्रामागून चालावं आणि वीस-पंचवीस पावलांवर थांबवून नऊही ओळींची माती बोटाने आडवी उकरावी. हरभऱ्याचा दाणा मोठा असतो, ओल्या मातीत चटकन दिसतो. जिथे दिसत नाही तिथली नळी तिथेच बदलावी, आणि त्यासाठी जुन्या नळीचा तुकडा दुकानात नेऊन त्याच आतल्या मापाच्या दोन जास्तीच्या नळ्या ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत आधीच आणून ठेवलेल्या असाव्यात.