फ्लॅशचा उजेड आणि शटरचे दोन पडदे

1996 साली एका गिरणीच्या फाटकावर दिवेलागणीला आमची द्वारसभा होती. वाइंडिंग खात्यातल्या एक मावशी त्या दिवशी निवृत्त होत होत्या. त्या हातवारे करीत बोलत होत्या. हात हलके दिसू नयेत म्हणून मी उसन्या कॅमेऱ्याचे शटर 1/125 वर लावले आणि फ्लॅश उडवला. चित्र धुऊन आले ते अर्धे उजळ, अर्धे काळे. मावशी नेमक्या काळ्या बाजूस! मी स्टुडिओवाल्याशी भांडलो. दोष माझा होता, हे पुढे कॅमेऱ्याची पाठ उघडून शटर दाबून पाहिले तेव्हा उमगले.

त्या कॅमेऱ्यात फिल्मपुढे कापडाचे दोन पडदे होते. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. 36 मिलिमीटरची रुंदी ओलांडण्यास पडद्याला 1/60 सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. आता गंमत अशी की, आकडा 1/1000 लावला तरी पडद्याची चाल वाढत नाही. दुसरा पडदा लवकर निघतो, एवढेच. पहिली पाळी फाटकाबाहेर पडण्याआधीच दुसरी आत शिरावी तसे हे होते, आणि मधली फट अरुंद होत जाते.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पहिला पडदा पलीकडे पोचताच उडतो, आणि बहुधा 1/1000 सेकंदाच्या आत विझतोही. त्या क्षणी सारी फिल्म उघडी हवी. माझ्या 1/125 ला दुसऱ्या पडद्याने जवळजवळ अर्धी फिल्म झाकली होती. 1/60 पुरे झाले असते, कारण अंधारात हालचाल गोठवतो तो फ्लॅशच, शटर नव्हे. मी उगाच घाई केली.

ही मर्यादा यंत्राच्या घडणीची आहे. निकॉन एफएम2 मध्ये धातूची पाती उभी, म्हणजे 24 मिलिमीटरच धावत. म्हणून 1982 साली 1/200 साधले, पुढे 1/250. हॅसलब्लाड 500सी चे शटर भिंगातच, मधून उघडणारे. तेथे 1957 पासून 1/500 लाही फ्लॅश चाले. 2023 च्या सोनी ए9 थ्री मध्ये सारे चित्र एकाच क्षणी टिपले जाते, तेव्हा पडद्यांची ही अडचणच उरत नाही.

मावशींचे दुसरे चित्र मात्र कोणी काढले नव्हते.