‘मी’कडून ‘आपण’कडे : अंगवळणाविषयी काही विचार

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे प्रत्येक शिक्षक व्याकरणाच्या तासाला सांगतो आणि पुढे जातो. ‘आम्ही’ या शब्दात ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ या शब्दात तो सामावलेला असतो. ‘आम्ही उद्या उज्जैनला जाणार’ असे म्हटले की पाहुण्याने घरी राहायचे. ‘आपण जाऊ’ म्हटले की त्याने पिशवी भरायची. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगू व तमिळ या भाषांतही आहे; प्रमाण हिंदीत मात्र नाही. तरीही इंदूरच्या बाजारात जी हिंदी ऐकू येते तिच्यात ‘अपन’ हा शब्द पावलोपावली भेटतो. बोलणाऱ्यांना जिची गरज वाटली ती सोय त्यांनी प्रमाणभाषेची वाट न पाहता करून घेतली.

या ‘आपण’चे मूळ पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते. संस्कृत ‘आत्मन्’ या शब्दापासून प्राकृतातून हा शब्द आपल्याकडे आला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ प्रथम ‘स्वतः’ असा होता, त्याचाच पुढे ‘मी आणि तूही’ असा अर्थ झाला. ‘तो आपण होऊन आला’ या वाक्यात जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. ‘आपण बसावे’ या आदरार्थी प्रयोगात समोरच्यालाही तोच शब्द मिळतो. स्वतःचा, समोरच्याचा आणि दोघांचा मिळून असा एकच शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेने ‘स्व’च्या भोवती फार उंच कुंपण घातलेले नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणून आहोत. तथापि व्युत्पत्ती प्रश्न विचारावयास शिकविते. इंग्रजी ‘इंडिव्हिज्युअल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘अविभाज्य’ ही कल्पना आहे : समाजाचे तुकडे करीत गेल्यावर ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत, तो शेवटचा कण. त्यासाठी आपण योजलेला ‘व्यक्ती’ हा शब्द निराळे सांगतो. व्यक्ती म्हणजे जे प्रकट झाले ते; आणि जे प्रकट होते ते कशातून तरी आणि कोणासमोर तरी प्रकट होते. पहिल्या कल्पनेत माणूस आधी सुटा असतो आणि मग संबंध जोडतो. दुसरीत संबंध आधी असतात आणि माणूस त्यांतून आकारास येतो.

युरोपात पहिल्या कल्पनेला तात्त्विक बैठक मिळाली ती सतराव्या शतकात. रने देकार्त याने 1641 च्या आपल्या चिंतनग्रंथात सर्व गोष्टींविषयी शंका घेत घेत शेवटी शंका घेणाऱ्या मनाशी पाय रोवला, आणि शरीराची गणना बाहेरच्या, लांबीरुंदी असलेल्या पदार्थांत केली. पुढे तीनशे वर्षांनी, 1945 मध्ये, फ्रान्समध्येच मॉरिस मेर्लो-पाँती याने हा निकाल फिरविण्याचा यत्न केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शरीर ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे; ज्याच्या योगे जग आपल्याला भेटते ते शरीर होय. आंधळ्याच्या हातातील काठीचा दाखला त्याने दिला आहे. सराव झाल्यावर ती काठी आंधळ्याला हातात जाणवत नाही. तिच्या टोकाशी रस्ता जाणवतो. काठी त्याच्या देहाचाच भाग झालेली असते.

मराठी माणसाला हे समजावयास फ्रेंच ग्रंथाची फारशी गरज नाही. त्याच्याजवळ एक शब्द आहे : अंगवळणी पडणे. विद्या ‘अंगी बाणते’, कला ‘हातात बसते’, संस्कार ‘हाडीमासी खिळतो’. ज्ञान डोक्यात साठते असे न मानता ते देहाला वळण लावते, असे ही भाषा मानते. शिवाय आपली वाक्यरचनाही पाहावी. ‘मला भूक लागली’, ‘मला आठवले’, ‘मला उमजले’ : या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही, काहीतरी घडण्याची तो जागा आहे. हिंदीतही ही रचना आहे. शाळेत आपण तिचे व्याकरण शिकवितो, पण तिच्यात दडलेली मनुष्यकल्पना मुलांपुढे क्वचितच ठेवतो.

या कल्पनेचे जिवंत उदाहरण शोधण्यास इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. 1948 मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन मुंबईहून देवासला आले. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 मध्ये जन्मलेला हा गायक बालपणीच अद्भुत म्हणून गाजला होता. देवधर मास्तरांकडे त्याची तालीम झाली होती. आता वैद्यांनी त्याला गाणे वर्ज्य केले. काही वर्षे अंथरुणावर ऐकण्यावाचून त्याला दुसरा उद्योग उरला नाही. आणि कानावर पडत होती ती माळव्यातील बायकांची लग्नाची, सणावाराची, ऋतूंची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुफ्फुस दुबळे झाले होते. लांबलचक दमाच्या तानांऐवजी आखूड, झेपावणाऱ्या, वरवर तुटक परंतु आतून जोडलेल्या स्वराकृती त्यांच्या गाण्यात दिसू लागल्या. लोकधुनांतून उगवलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम’ राग म्हटले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह 1965 मध्ये प्रसिद्ध झाला.

आजारामुळे गायकी बदलली, असे सरळ समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. क्षय अनेकांना झाला. त्यांतून कुमार गंधर्व एकच निघाले. पण प्रतिभेच्या एकट्या बळावर हे घडले, असे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. दुखावलेला श्वास, देवासची कोरडी हवा, खिडकीखालून जाणाऱ्या अनाम गायिका आणि गुरूने दिलेली घडण, या सर्वांच्या भेटीतून ते गाणे उमजले. पुढे बालगंधर्वांच्या गायकीवर त्यांनी जो कार्यक्रम केला त्याचे नावच मुळी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे होते. ‘मी समजावून देतो ते’ असे नव्हे, मला उमजलेले. वर सांगितलेल्या वाक्यरचनेचा याहून नेमका उपयोग आम्हांस आठवत नाही.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओवीचे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. एवढे प्रचंड वाङ्मय बायकांनी पाठ कसे केले, असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्नच थोडा चुकलेला आहे. ओवी पाठ केलेली नव्हती. ती खुंट्याच्या फेऱ्याबरोबर येत असे. हाताबरोबर श्वास, श्वासाबरोबर शब्द, आणि समोर बसलेल्या सईने उचललेला पुढचा चरण. म्हणूनच पिठाची गिरणी आली तेव्हा नुसते श्रम वाचले नाहीत; ओवीचा आधारही गेला. संग्राहकांपुढे बसलेल्या कित्येक वृद्धांना जात्याचा खुंटा हाती धरल्यावर विसरलेली ओवी आठवावी, यात आश्चर्य नाही. श्रम वाचले हे चांगलेच झाले. जात्याकडे परत जा, असे कोणी म्हणू नये. पण काय कशाला बांधलेले होते, हे तरी कळले पाहिजे.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ‘आपण’ हा शब्द गोड आहे. पण त्या गोडव्यात कोणाला घेतले जाते आणि कोणाला नाही? इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि तो अनुभव त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहिला. तो 1949 च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. एकाच दिंडीत एकाच तालावर चालणारी पावले जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळी बसतात, ही व्यथा त्यांनी लपविली नाही. चोखामेळ्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या आत नाही, महाद्वाराबाहेर आहे. त्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणपणाने उपोषण करावे लागले. देह एकत्र चालले म्हणजे माणसे एक झाली असे होत नाही. उलट भेदही अंगवळणीच पडलेला असतो, आणि म्हणूनच तो नुसत्या व्याख्यानाने जात नाही.

यासाठीच केशवसुतांपासून मराठी कवितेत आलेल्या स्वतंत्र ‘मी’ला आम्ही दूषण देऊ इच्छीत नाही. रूढीच्या ‘आपण’मध्ये ज्याचा जीव गुदमरत होता, त्याला ‘मी’ म्हणता येणे ही मुक्ती होती. स्त्रियांच्या आणि दलितांच्या आत्मचरित्रांनी हे पुरेपूर सिद्ध केले आहे. ‘मी’ म्हणू न शकणाऱ्याला ‘आपण’मध्ये ओढणे म्हणजे त्याला गिळणे होय. ज्या ‘आपण’विषयी आम्ही बोलत आहोत तो ‘मी’च्या अलीकडचा नव्हे, पलीकडचा आहे. त्याच्यात येणारा आपल्या पायांनी येतो, आणि त्याला निघूनही जाता येते.

आता आपल्या गावाकडे वळू. होळकरशाहीबरोबर अठराव्या शतकात मराठी इंदुरात स्थिरावली. अखिल भारतीय साहित्य संमेलन येथे 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा भरले. असे असूनही येथील मराठी घरांतले एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे : आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. त्याला मराठी कळते; त्याच्या जिभेला तिचे वळण नाही. यावर उपाय म्हणून आपण त्याला मराठीची थोरवी सांगतो, स्पर्धा घेतो, बक्षिसे देतो. म्हणजे भाषा ही एकट्या मुलाने कमावण्याची मालमत्ता आहे, असेच त्याला शिकवितो. आणि बक्षीस घेऊन तो हिंदीत मित्रांना हाक मारतो, तेव्हा आपल्याला वाईट वाटते.

आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, कविता प्रथम म्हणावी, टाळीवर म्हणावी, दोन गटांनी चरण वाटून घेऊन म्हणावी. अर्थ मागाहून सांगावा, आणि शक्य तर मुलांनाच ‘तुला काय उमजले’ असे विचारावे. मोदकाच्या कळ्या पाडताना, गुढी उभारताना, अंगणात रांगोळी काढताना जे शब्द हाताबरोबर येतात ते वहीत येण्यापूर्वी हातातच येऊ द्यावेत. ज्यांच्या घरी मराठी नाही अशी शेजारची मुलेही त्यात बसू द्यावीत. इंदूरच्या ‘अपन’ला आपल्या ‘आपण’चे नाते सांगावयास याहून चांगली संधी नाही. यात नवे काही नाही. खर्चही नाही. फक्त तासाच्या आरंभी शिक्षकाने पुस्तक मिटून स्वतः मोठ्याने म्हणावयास सुरुवात केली पाहिजे, आणि पहिला चरण संपल्यावर थांबले पाहिजे. म्हणजे दुसरा कोणीतरी उचलील.