खोक्यावरचं नाव, आतली चिप

वायफायचा डोंगल चालेना की लोक खोक्यावरचं नाव टाकून ड्रायव्हर शोधायला लागतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. खोक्यावर नाव असतं विकणाऱ्या कंपनीचं. ड्रायव्हर लागतो आतल्या चिपला, आणि ती बहुधा रिअलटेकची नाहीतर मीडियाटेकची असते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं गाजलेलं उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. मॉडेलचं नाव तेच, ड्रायव्हर पार वेगळा. नखाएवढ्या बिननावाच्या डोंगलांबद्दल तर बोलायलाच नको.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. ओळखीपाळखीचे लोक जुने डेस्कटॉप घेऊन लिनक्स मिंट टाकून घ्यायला येतात. बऱ्याच जुन्या डेस्कटॉपांना वायफाय नसतंच, म्हणून सोबत एक डोंगल असतो. सोसायटीतल्या एका काकांनी आणलेला डोंगल लावला, तर स्क्रीनवर सीडीचं चिन्ह उमटलं.

“अरे, हा तर पेनड्राइव्हसारखा दिसतोय. वायफाय कुठंय यात?” काकांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. असे डोंगल लावल्याबरोबर आधी सीडी असल्याचं सोंग घेतात. त्या खोट्या सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. तो एकदा बसला की डोंगल सीडीचं रूप टाकून वायफाय होतो. विंडोजवाल्यांची ही सोय, कारण पूर्वी सोबत यायची ती छोटी सीडी घालायला आता ड्राइव्हच नसतो. लिनक्सवर मात्र रूप बदललं नाही तर तो जन्मभर सीडीच राहतो.

मी टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ दिलं. माउस, कीबोर्ड, आणि त्याखाली ‘०बीडीए:१ए२बी’. कोलनच्या आधीची चार अक्षरं बनवणाऱ्याची, ०बीडीए म्हणजे रिअलटेक. पुढची चार त्या वस्तूची. १ए२बी म्हणजे सीडीचं सोंग अजून उतरलेलं नाही. हे काम एरवी यूएसबी-मोडस्विच नावाचं साधन आपसूक करतं. इथे झालं नव्हतं, म्हणून सीडीच्या चिन्हावर उजवं क्लिक करून इजेक्ट केलं. डोंगल क्षणभर यादीतून गेला आणि परत आला, या वेळी ‘०बीडीए:सी८११’ म्हणून. चिप कळली: आरटीएल८८११सीयू. खोक्यावर हे कुठेही छापलेलं नव्हतं.

विंडोजमध्ये हीच कुंडली डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते. पिवळ्या त्रिकोणावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’पुढे तीच अक्षरं दिसतात. कोड २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० असेल तर उपकरण सुरूच होऊ शकलेलं नाही. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या साइट्सच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथून ड्रायव्हर कमी आणि नको ते सॉफ्टवेअर जास्त येतं.

काकांच्या मशीनवर मिंटची जुनी, २१ची आवृत्ती होती, कर्नल ५.१५चा. या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२पासून. बाहेरून सोर्स आणून ड्रायव्हर बांधता येतो, पण कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस हे काम आपोआप करतं खरं, तरी कधी नव्या कर्नलशी त्या सोर्सचं जमत नाही आणि ‘काल तर चालू होतं’ असा फोन येतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, ती कटकट आणखी निराळी. म्हणून माझं मत साफ आहे: ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये असेल तर कर्नलच नवा घ्यावा.

पण नेट नसताना नवा कर्नल आणायचा कुठून? इथे फोन कामी येतो. डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की मशीनला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो; वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काकांना वाटलं, आपण फोन चार्ज करतोय. त्याच नेटवरून ६.८चा कर्नल उतरवला, मशीन रीस्टार्ट केलं, सीडी पुन्हा इजेक्ट केली आणि आसपासच्या वायफायची यादी भराभर उमटली.

तरी वेग रडका होता. डोंगल होता पुढच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात आणि शेजारच्याच पोर्टात बॅकअपची हार्डडिस्क चालू होती. यूएसबी ३वरून डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि स्वस्त राउटरचं वायफाय नेमकं त्याच पट्ट्यात असतं. मग डोंगल मागच्या यूएसबी २ पोर्टात लावला, मध्ये एक छोटी एक्स्टेन्शन केबल घालून तो डब्यापासून लांब, टेबलावर आणला. सिग्नलच्या कांड्या दोनाच्या चार झाल्या. इजेक्टचं काम दर वेळी हाताने करायला नको म्हणून यूडेव्हमध्ये एका ओळीचा नियम लिहून ठेवला.