शुद्धीवर आल्यानंतर

अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेवरचा उतारा असलेल्या नालोक्सोनने श्वास परत येतो, धोका टळत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात, अशा अतिमात्रेनंतर इमर्जन्सी विभागातून घरी सोडलेल्यांपैकी ५.५ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. शेजारच्या ऱ्होड आयलंडने २०१४ पासून स्वतः व्यसनातून सावरलेली, प्रशिक्षित माणसं ‘सोबती’ म्हणून अशा रुग्णांच्या खाटेशी पाठवायला सुरुवात केली. शुद्धीवर येताना रुग्णाला थरकाप, उलट्या, वर पोलिसांची धास्ती. अशा वेळी ‘मीही यातून गेलोय’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं. रुग्णालयातले समाजसेवक हे करतातच की, असा आक्षेप असतो. ऱ्होड आयलंडमधल्याच चाचणीत सोबती आणि समाजसेवक अशा दोघांच्या रुग्णांपैकी उपचाराला लागलेले जवळपास सारखेच, एक तृतीयांशाच्या आसपास, निघाले. म्हणजे सोबती कमी पडला नाही, पण एकटा पुरलाही नाही. येल विद्यापीठाच्या २०१५ च्या चाचणीत इमर्जन्सीतच ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसनावरचं औषध सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के महिन्यानंतर उपचारात होते. नुसती उपचारकेंद्रासाठीची चिठ्ठी मिळालेले ३७ टक्के. सोबत्याने धीर द्यावाच, पण त्याच रात्री गोळीही मिळायला हवी.