धाटाव ते मुरूड : समुद्र, जंगल आणि वाटेतली वाडी

सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो, मुलांना कुठे न्यायचे? कुणी महाबळेश्वर म्हणतो, कुणी गोवा. खर्चाचा हिशेब लागतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. आम्ही धाटावचे रहिवासी. आमच्या गावाची ओळख म्हणजे कुंडलिकेच्या काठची कारखान्यांची वसाहत. पण याच कुंडलिकेचे पाणी रोहा करत रेवदंड्याच्या खाडीत उतरते, आणि तिथून दक्षिणेला मुरूडपर्यंत समुद्र, जंगल, इतिहास असे सगळे एका दिवसात पाहता येते. पृथ्वीवर फिरून अल्लाह तआलाची निर्मिती पाहावी, ही शिकवण सूरह अन्कबूतमध्ये आहे. त्यासाठी लांब जावे लागतेच असे नाही.

रोह्याहून चणेरामार्गे साळाव गाठावे. पुलापलीकडे रेवदंडा आणि चौल. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ (इ.स. ९१६) च्या सुमारास सैमूर नावाच्या बंदरात आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले आहे. सैमूर म्हणजे आपले चौल, असे इतिहासकार मानतात. या किनाऱ्याशी आपले नाते किती जुने आहे, हे मुलांना सांगण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

फणसाडचे जंगल

जंगल पाहायचे तर फजरची नमाज पढूनच निघावे. फणसाड अभयारण्य सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. मुरूड तालुक्यातील सुपेगाव हे त्याचे दार. तिथे वनखात्याकडे नोंद करून आत जाता येते. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. सांबर, भेकर, बिबट्या अशी जनावरे तिथे पाण्यावर येतात. ती दिसतीलच याचा भरवसा नाही, पण झाडाच्या शेंड्यावरून उडी घेणारे शेकरू बहुधा दिसते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. लांब झुपकेदार शेपटी आणि तांबूस पाठ, मुले बघतच राहतात.

फणसाडमध्ये गिधाडेही आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभर गिधाडे मेली. औषध दिलेले जनावर मेले, ते गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडे कमी झाली की मेलेली गुरे कुजत पडतात आणि रोगराई माणसांपर्यंत येते. प्राणी आणि पक्षी यांच्याही आपल्यासारख्याच उम्मती आहेत, हे सूरह अनआममध्ये सांगितले आहे. तो अर्थ फणसाडमध्ये उभे राहून मुलांना लवकर समजतो. जाताना प्लास्टिक नेऊ नये, नेले तर परत आणावे. जोरजोराने गाणी लावणाऱ्यांना तिथे काहीही दिसत नाही.

किनारा आणि जंजिरा

काशीदची वाळू पांढरी आणि किनारा लांबच लांब. मुरूडचा किनारा शांत वाटतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट कडकपणे पाळावी. ओहोटीच्या वेळी पाणी माणसाला आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. मुलांना नेणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारावी. ते ‘नको’ म्हणाले तर पाण्यात पाय घालू नये.

राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ल्यात जातात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, यावरून आला. चारी बाजूंनी खारे पाणी असून आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. आफ्रिकेच्या हबश मुलुखातून आलेल्या सिद्दींनी इथे पिढ्यानपिढ्या राज्य केले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. राजापुरीजवळ खोकरी येथे सिद्दी घराण्याचे तीन दगडी मकबरे आहेत. त्यांतला मोठा सिद्दी सुरुल खान यांचा. फार कमी लोक तिकडे वळतात, पण जरूर वळावे.

जोहरसाठी मुरूडमध्ये मशिदी आहेत. आम्हा रोहेकरांसाठी मुरूड कसरच्या अंतरात येत नाही, त्यामुळे नमाज पूर्ण पढावी.

वाटेतली वाडी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. या सगळ्या रस्त्याने टेकडीच्या पायथ्याशी कुडाच्या घरांच्या वस्त्या दिसतात. त्या कातकरवाड्या. पर्यटकांच्या कुठल्याही यादीत त्या नसतात. कातकरी या मातीतले फार जुने रहिवासी. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा त्यांचा धंदा, त्यावरूनच हे नाव पडले. इंग्रजांनी जंगलावर कायदे बसवले आणि धंदा हातातून गेला. आज कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमाती म्हणून सरकारदरबारी नोंदल्या आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात शेवळं घेऊन बसणारी बाई याच वाडीतली. शेवळांसोबत ती काकडं देते, कारण त्याशिवाय भाजी केली तर घसा खाजतो. भारंगी, कुरडू, टाकळा यांचे हे ज्ञान तिच्याकडे आहे. आपण मात्र तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात. उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. शिक्षक म्हणून आम्हाला दिसते ते असे की जूनमध्ये पटावर असलेली मुले डिसेंबरात वर्गात नसतात. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, त्यात सहा महिने खंड. घरी कोकणी बोलून शाळेत उर्दू किंवा मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांना यातला पहिला अडथळा चांगला ठाऊक आहे. दुसरा मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही.

यात आपला संबंध काय? भट्टी चालवणाऱ्यांत आणि जमीनमालकांत आपलेही बांधव असतात, हा संबंध. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपण जुम्याला ऐकतो. मग उचल फिटलीच नाही म्हणून कुटुंबाला पुढच्या हंगामात पुन्हा बांधून ठेवणे कुठे बसते? १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही हा गुन्हा आहे. भट्टीवर आलेल्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल्याविनाही बसवता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला नकार देता येत नाही. मालकाने मुलांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचवले तरी मोठे काम होईल.

दुसरी गोष्ट घराखालच्या जमिनीची. पुष्कळ वाड्या खासगी जमिनीवर उभ्या आहेत. फार्महाऊससाठी जमिनींना भाव आला की वाडी उठवायची भाषा सुरू होते. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली अशी जागा गावठाण म्हणून घोषित करता येते. आपल्या सातबाऱ्यावर अशी वाडी असेल तर विकण्याआधी त्या घरांचा विचार करणे हे शेजाऱ्याच्या हक्कात येते. नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन योजनेत या जमातींना पक्की घरे मिळतात, पण त्यासाठी आधी पायाखाली स्वतःची जागा हवी.

कौमे आणि कबीले एकमेकांना ओळखता यावे म्हणून बनवले गेले, हे सूरह हुजुरातमध्ये आले आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना समुद्र जरूर दाखवा, शेकरू दाखवा, जंजिरा दाखवा. पण वाडीकडे बोट दाखवून ‘बघा, आदिवासी’ असे म्हणू नका. परवानगीशिवाय फोटो काढू नका. रानभाजी घेताना भाव पाडू नका, भाजी कशी करायची ते मुलांसमोर अदबीने विचारा. शाळा सोडलेले मूल दिसले तर जवळच्या शिक्षकाला कळवा. अल्लाह तआला आपल्याला पाहण्याची नजर देवो आणि शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची तौफिक देवो. आमीन.